हार्नेस मागण्याआधी छाती मोजा

नमस्कार. हा कागद ठाण्यातल्या आमच्या कुत्र्यांच्या सामानाच्या दुकानातून पिशवीत घालून तुमच्याकडे आला असेल, नाहीतर व्हॉट्सअ‍ॅपवर ‘लॅबसाठी हार्नेस कितीला?’ असं विचारलंत म्हणून पाठवला असेल. राग मानू नका. दिवसातून दहा-बारा वेळा तेच उत्तर टाइप करून अंगठा दुखायला लागला, म्हणून एकदाच बसून सगळं लिहून काढलं.

हार्नेस म्हणजे गळपट्ट्याऐवजी कुत्र्याच्या छातीभोवती बसणारे पट्टे. लॅबसाठी (म्हणजे लॅब्रॅडॉरसाठी), पगसाठी किंवा इंडीसाठी (आपल्या गावठी कुत्र्यासाठी) असा वेगळा हार्नेस नसतो. हार्नेस असतो छातीच्या मापाचा. मध्यंतरी एकाच संध्याकाळी दोन लॅब दुकानात आले. दोघंही तीन वर्षांचे, वजन तिशीच्या आसपास. पाचपाखाडीच्या लॅबची छाती भरली ७४ सेंटिमीटर आणि कोलशेतच्या लॅबची ८३. पहिल्याला मीडियम छान बसला. दुसऱ्याला त्याच कंपनीच्या लार्जचे पट्टे पार टोकापर्यंत सैल करावे लागले. दोघांच्याही मालकांनी आधी फोनवर विचारलं होतं, ‘लॅबचा आहे ना तुमच्याकडे?’

वजनावरून साइज ठरवणंही तितकंच फसवं. पग आठ किलोचा असला तरी त्याची छाती पन्नाशी ओलांडते. तेवढ्याच वजनाचं गावठी पिल्लू लांबट आणि चपट्या छातीचं असतं, त्याला पगचा हार्नेस घातला तर तो गोधडीसारखा लोंबतो. स्पिट्झ केसांमुळे केवढा मोठा दिसतो, पण आंघोळ घातली की अर्धा होतो. शिवाय एका कंपनीचा एम तो दुसरीचा एल. त्यामुळे ‘मागच्या वेळी एल घेतला होता’ एवढं सांगून काम होत नाही. जुना हार्नेस पिशवीत घालून आणलात तर दोन मिनिटांत काम होतं.

माप असं घ्या

कुत्रा चारही पायांवर उभा पाहिजे. बसलेल्या कुत्र्याची छाती वेगळी भरते, लोळणाऱ्याची तर बोलायलाच नको. शिंप्याकडे असते तशी कापडी टेप घ्या. पुढच्या पायांच्या मागे, काखेपासून दोन बोटं सोडून, बरगड्यांच्या सगळ्यात रुंद भागाभोवती ती फिरवा. केसाळ कुत्रा असेल तर टेप केसांवर तरंगू देऊ नका, केस दाबून अंगाला लावा. आवळायची मात्र नाही. हा छातीचा आकडा.

दुसरा आकडा मानेचा. तोही रोजचा गळपट्टा असतो तिथला नको, त्याच्या खालचा, मान खांद्याला मिळते तिथला. रेनकोट हवा असेल तर तिसरा आकडा लागतो, मानेच्या बुडापासून शेपटीच्या बुडापर्यंत पाठीची लांबी.

टेप नसेल तर सुतळी फिरवा, गाठ मारा आणि मुलांच्या कंपासपेटीतल्या पट्टीवर मोजा. वर्तकनगरचे एक काका मोबाइलच्या चार्जरची वायर घेऊन आले होते, माप जिथे संपलं तिथे रबरबँड लावलेला. आम्ही हसलो, पण माप मिलिमीटरला बरोबर निघालं. सुतळी किंवा वायर आणली तरी चालेल, अंदाज नको.

आकडा पाठवताना इंच की सेंटिमीटर ते लिहा. नुसतं ‘३०’ आलं की आम्ही बुचकळ्यात पडतो. ३० इंच म्हणजे धडधाकट लॅब आणि ३० सेंटिमीटर म्हणजे ओंजळीत मावणारं पिल्लू. एकदा आम्ही स्वतःच्या हुशारीवर विसंबून लॅब धरला होता. निघालं पिल्लू.

‘वाढत्या अंगाचा’ घेऊ नका

आता मुख्य तक्रार. आपल्याकडे शाळेचा गणवेश जसा वाढत्या अंगाचा घेतात, तसाच हार्नेसही घेतात. ‘एक साइज मोठा द्या, पुढच्या वर्षीही होईल.’ गणवेश ढगळ असला तर मूल फक्त गबाळं दिसतं. हार्नेस ढगळ असला तर कुत्रा त्यातून निघून जातो.

ही चूक आम्हीही केलेली आहे, म्हणून इतक्या हक्काने बोलतो. दुकान नवीन होतं तेव्हा आमच्या काळीला (काउंटरखाली झोपलेली असते तीच) असाच एक साइज मोठा घातला होता. दिवाळीच्या आधीचे दिवस होते. उपवनला तलावाच्या कडेने चालत असताना कुणीतरी सुतळी बॉम्ब लावला. काळी दोन पावलं मागे सरकली, मान खाली घातली, खांदे आकसले, आणि माझ्या हातात लीशला (फिरवायच्या दोरीला) लटकलेला रिकामा हार्नेस उरला. अडीच तासांनी ती वसंत विहारच्या बाजूला एका उभ्या रिक्षाखाली सापडली. ती पुढे पळून सुटली नव्हती, मागे सरकून सुटली होती. घाबरलेला कुत्रा बहुतेकदा असाच सुटतो.

म्हणून नवा हार्नेस घातल्यावर पहिली चाचणी घरात, दार लावून करा. कुत्र्याच्या समोर उभे राहा आणि लीश हलकेच स्वतःकडे ओढा. तो मागे रेटेल, मान खाली घालेल. तेव्हा हार्नेस कानांकडे सरकायला लागला तर तो सैल आहे. बरोबर बसलेल्या हार्नेसच्या पट्ट्याखाली दोन बोटं आडवी जातात, पण ती उभी फिरवता येत नाहीत. बोटं जातच नसतील तर घट्ट आहे. दोन दिवसांत काखेत लाल होईल, केस जातील आणि मग तुम्ही म्हणाल, कापड चावतं.

पिल्लाचं काय, असं लगेच विचाराल. पिल्लासाठी महागडा हार्नेस घेऊच नका. हे दुकानदार सांगतोय, लिहून ठेवा. मोठ्या जातीचं पिल्लू चार ते आठ महिन्यांच्या दरम्यान दोन-तीन साइज बदलतं. तेवढ्यापुरता साधा, स्वस्त, नीट मापाचा घ्या आणि दर पंधरा दिवसांनी दोन बोटं घालून बघा. चांगला हार्नेस वाढ थांबल्यावर घ्यायचा, तो मग काही वर्षं टिकतो.

कारवान किंवा मुधोळ या सडपातळ शिकारी जातींचे कुत्रे पाळणाऱ्यांसाठी एक वेगळी ओळ. या कुत्र्यांचं डोकं मानेपेक्षा अरुंद असतं, त्यामुळे साधा गळपट्टा कितीही नीट लावला तरी कानांवरून निघतो. त्यांना मार्टिंगेल कॉलर लागते. ती ओढ बसली की ठरावीक मर्यादेपर्यंतच आवळते आणि ओढ थांबली की सैल होते. बऱ्याच बारीक इंडींनाही तीच बरी.

वापरलेला हार्नेस आम्ही परत का घेत नाही

यावरून आमच्यावर बरेच जण रुसले आहेत. ‘दोनच दिवस तर घातला’ हे वाक्य आम्हाला पाठ झालं आहे. सुरुवातीला आम्ही घेत होतो. एकदा असाच परत आलेला हार्नेस काउंटरवर ठेवला आणि बिल शोधेपर्यंत शिवणीतून एक गोचीड निघाली. रक्त पिऊन टरारलेली नव्हती, चपटी, तपकिरी, तिळाएवढी. आरामात चालत वहीपर्यंत पोचली. तो हार्नेस पुन्हा पाकिटात घालून तुमच्या कुत्र्याला दिला असता तर?

गोचीड निदान दिसते तरी. पार्वो या कुत्र्यांच्या आजाराचा विषाणू दिसत नाही. तो कापडावर, फरशीवर महिनोन्‌महिने तग धरतो आणि साध्या साबणाने किंवा फिनाइलने मरत नाही. लसीकरण पूर्ण न झालेल्या पिल्लाला तो जिवावर बेततो. त्यामुळे नियम असा आहे: टॅग लागलेला, केस किंवा वास नसलेला माल सात दिवसांत बदलून मिळेल. रस्त्यावर जाऊन आलेला मिळणार नाही, मग ग्राहक कितीही जुने असोत.

याच कारणासाठी लसीकरण पूर्ण व्हायचं असलेलं पिल्लू दुकानात आणलंत तर कडेवरच ठेवा, खाली सोडू नका. आम्ही फरशी रोज ब्लीचने पुसतो, पण इथे दिवसभर कुत्री येतात-जातात.

ऑनलाइन शंभर-दोनशे रुपये कमी पडतात, हे आम्हालाही माहीत आहे. घ्या खुशाल. फक्त मोजून घ्या. आणि बाहेरून घेतलेला असला तरी पट्टे कसे लावायचे ते कळत नसेल तर कुत्र्याला घेऊन या, आम्ही बसवून देऊ. त्याचे पैसे घेत नाही. आलात की बिस्किटांचं पाकीट नेताच, असा आमचा अनुभव आहे.

बाकी काय घ्यावं, काय घेऊ नये

आपोआप गुंडाळणारी लीश आम्ही ठेवत नाही. मागणी भरपूर आहे, तरी नाही. घोडबंदरच्या टॉवरमध्ये राहणाऱ्यांनी जरा डोळ्यांसमोर आणा: तुम्ही लिफ्टमध्ये, कुत्रा पाच मीटरच्या दोरीवर मागे रेंगाळतोय आणि दार बंद झालं. शिवाय ती बारीक दोरी हाताला किंवा पोटरीला घासली की भाजल्यासारखी जखम होते. साधी, चपटी, साधारण दीड मीटरची लीश घ्या. लिफ्टमध्ये शिरताना ती आखूड धरा आणि कुत्र्याला आपल्याबरोबर आत घ्या, मागून नाही.

घरात शू केल्याचा वास जात नाही, ही दुसरी नेहमीची तक्रार. तुम्ही फिनाइल ओतता. फिनाइलने आपल्या नाकाला बरं वाटतं, कुत्र्याच्या नाकाला फसवता येत नाही. लघवीतलं युरिक अ‍ॅसिड पाण्याने पुसून निघत नाही, म्हणून पावसाळ्यात हवा दमट झाली की तोच कोपरा पुन्हा बोलायला लागतो आणि कुत्रा पुन्हा तिथेच पाय वर करतो. एन्झाइमवाला क्लीनर मिळतो तो घ्या, पण शिंपडून लगेच पुसू नका. दहा-पंधरा मिनिटं ओला राहू द्या, तेवढ्यात एन्झाइमचं काम होतं. लगेच पुसणारे आठवड्याने बाटली घेऊन भांडायला येतात.

हपापून खाणाऱ्यांसाठी स्लो फीडर आहे, आत उंचवटे असलेलं भांडं. लॅब आणि बीगल यांच्याकडे हमखास खपतं. पण आधी घरचा प्रयोग करून बघा. पसरट भांड्यात मधोमध जड वाटी पालथी घाला आणि खाणं तिच्या भोवती पसरा. एवढ्याने तो सावकाश खायला लागला तर आमच्याकडे यायची गरज नाही. वाटी तोंडात धरून घरभर फिरायला लागला, तर या.

जून ते सप्टेंबर एकच वस्तू सुचवतो, मायक्रोफायबरचा टॉवेल. तो दाराशीच टांगा. पंजे, बोटांच्या मधल्या फटी आणि पोट पुसा. ओला हार्नेस घरात आल्याआल्या काढा. तो अंगावर तसाच वाळला की काखेत पुरळ येतं आणि दोष कंपनीला लागतो. रेनकोटाबद्दल आमचं मत विचाराल तर लांब केसांच्या कुत्र्याला उपयोगी आहे, बाकीच्यांना टॉवेल पुरतो.

गोचिडीचं औषध मात्र चिठ्ठीशिवाय मागू नका. मानेवर टाकायचं औषध वजनाप्रमाणे वेगळं येतं, आणि गोळ्या तर डॉक्टरांनी कुत्र्याला पूर्वी झटके आलेत का ते विचारूनच द्यायच्या असतात. मानेवरचं औषध केस बाजूला करून कातडीवर टाका, केसांवर नाही, आणि आधी-नंतर दोन दिवस आंघोळ नको. घरात मांजर असेल तर ते आवर्जून सांगा. कुत्र्यांच्या काही औषधांत परमेथ्रिन असतं, ते मांजराचा जीव घेऊ शकतं. आणि फक्त कुत्र्यावर औषध टाकून भागत नाही. पोट भरलेली मादी गोचीड खाली उतरते आणि भिंतीच्या फटीत, सोफ्याच्या मागे हजारोंनी अंडी घालते. कुत्र्याचं अंथरूण गरम पाण्यात धुवा आणि फटी व्हॅक्यूमने साफ करा.

नेलकटर घेणाऱ्या इंडीच्या मालकांना मी आधी पाय उचलून बघायला सांगतो. रोज काँक्रीटवर चालणाऱ्या कुत्र्याची नखं आपोआप झिजतात. वर राहणारं अंगठ्याचं नख मात्र जमिनीला लागत नाही, ते गोल वळून मांसात घुसतं. बऱ्याचदा तेवढं एकच कापायचं असतं. काळ्या नखात नस दिसत नाही, म्हणून एकदम कचकन न कापता थोडं थोडं कापा.

ट्रायलसाठी कधी यावं

मंगळवार ते शुक्रवार, दुपारी चार ते सहा. दुकान तेव्हा रिकामं असतं, कुत्रा शांतपणे उभा राहतो, तीन-चार हार्नेस घालून बघता येतात. रविवारी सकाळी नको. चार कुत्री एकमेकांवर भुंकत असताना कुणाची छाती मोजणार? येणं जमत नसेल तर व्हॉट्सअ‍ॅपवर तीन गोष्टी पाठवा: छाती आणि मान, दोन्ही सेंटिमीटरमध्ये, आणि कुत्र्याचा बाजूने उभा असलेला एक फोटो. सोफ्यावर झोपलेला फोटो पाठवलात तर तो आम्ही दुकानातल्या सगळ्यांना कौतुकाने दाखवू, पण साइज सांगता येणार नाही.