तिवराची मुळे आणि खाडीचे पाणी

दरवर्षी ५ जूनला कोकणातील शाळांमध्ये रोपे लावली जातात आणि ‘झाडे आपल्याला प्राणवायू देतात’ हे वाक्य फळ्यावर येते. झाडाच्या मुळांनाही प्राणवायू लागतो, हे मात्र सहसा कोणी सांगत नाही. दाभोळ खाडीच्या काठावर ओहोटीच्या वेळी मुलांना घेऊन आम्ही तिवरांत, म्हणजे खाऱ्या पाण्यात वाढणाऱ्या खारफुटीच्या झाडांत उतरलो, ते एवढ्यासाठीच.

एका मुलीने तिवराचे पान जिभेला लावले आणि तोंड वाकडे केले. मुळांनी गाळूनही आत शिरलेले मीठ पानांवरील ग्रंथी बाहेर टाकतात, त्याची ती चव. (गेवा या खारफुटीतल्याच दुसऱ्या झाडाच्या पानाशी असला प्रयोग करू नये, त्याचा चीक डोळ्यांना घातक असतो.)

खरी गंमत चिखलातून वर आलेल्या पेन्सिलीएवढ्या श्वसनमुळांत आहे. खाजणाच्या, म्हणजे भरतीचे पाणी शिरणाऱ्या सखल जमिनीच्या चिखलात प्राणवायू जवळजवळ नसतोच. तेथील जिवाणू समुद्राच्या पाण्यातील सल्फेटवर गुजराण करतात आणि सडक्या अंड्यासारखा वास सुटतो. त्या वासात देवचार शोधण्याचे कारण नाही, तो हायड्रोजन सल्फाइड वायू आहे. श्वसनमुळांच्या सालीवर बारीक छिद्रे असतात आणि आतील ऊती स्पंजासारखी पोकळ असते. भरतीला ही मुळे बुडतात, पण त्या छिद्रांतून पाणी आत शिरत नाही. आतील प्राणवायू पेशी वापरत राहतात. त्याच्या बदल्यात तयार होणारा कार्बन डायऑक्साइड पाण्यात कितीतरी अधिक विरघळत असल्याने त्याची जागा भरून काढू शकत नाही, आणि मुळातील वायूचा दाब बाहेरच्यापेक्षा कमी होतो. ओहोटीला छिद्रे उघडी पडताच बाहेरची हवा आपोआप आत ओढली जाते. छाती नाही, स्नायू नाहीत. भाता ओढण्याचे काम समुद्रच करतो, आणि तेही सुमारे १२ तास २५ मिनिटांच्या फेऱ्याने. शास्त्रज्ञ शोलँडर व त्यांच्या सहकाऱ्यांनी मुळांतील वायूंचे मोजमाप करून १९५५ मध्ये हे दाखवून दिले.

हे ऐकत असलेल्या एका मुलाने विचारले, “आमच्या वाडीच्या रस्त्याखालची मोरी बुजली आहे, तिथलं पाणी उतरतच नाही, मग तिथल्या तिवरांचं काय?” परतताना आम्ही त्या वाटेने गेलो. साचलेल्या पाण्यात एकही श्वसनमूळ वर दिसत नव्हते आणि तिवरे उभ्याउभ्या वाळली होती.