आलेखाच्या शेपटात दडलेला भ्रंश

भ्रंश, म्हणजे जिच्या दोन्ही बाजूंचे खडक एकमेकांवरून सरकतात ती भेग, जमिनीवर दिसतो तो एखाद्या रेघेसारखा: कुठे तुटलेलं कुंपण, कुठे बाजूला सरकलेला ओढा. खाली दहा-पंधरा किलोमीटरपर्यंत तो कसा आहे, हे सांगतात त्या भूकंपलहरीच. मात्र त्या लहरींतून खुद्द भ्रंश वाचायला जवळजवळ शंभर वर्षं लागली.

सुरुवात झाली ती पृथ्वीच्या पोटापासून. 1897च्या आसाम भूकंपाचे दूरदेशीच्या भूकंपमापकांवरचे आलेख तपासून रिचर्ड ओल्डहॅम यांनी आधी पोहोचणाऱ्या प्राथमिक, मागून येणाऱ्या दुय्यम आणि पृष्ठभागालगत धावणाऱ्या पृष्ठीय लहरी वेगळ्या ओळखल्या. 1909 मध्ये मोहोरोविचिच यांना कवचाचा, म्हणजे पृथ्वीच्या सर्वांत वरच्या खडकाळ थराचा, तळ सापडला. भ्रंशावर ताण साठतो आणि अचानक सुटतो, हा हॅरी रीड यांचा 1910चा सिद्धांत मात्र जमिनीवरच्या मोजणीतून आला होता. पुढे तेलाच्या शोधात परावर्तित लहरींचं तंत्र वाढलं. आडव्या थरांसाठी ते उत्तम. उभ्या भ्रंशावरून प्रतिध्वनी वर परततच नाही.

1976 साली केइती आकी आणि विली ली यांनी मध्य कॅलिफोर्नियातले स्थानिक भूकंप घेऊन, लहरी पोहोचायच्या वेळांवरून भूकंपांच्या जागा आणि खडकातले वेग एकत्रच सोडवले. वैद्यकीय स्कॅनशी नातं सांगणारी ही भूकंपीय टोमोग्राफी. पण हिशेबासाठी खडकाचे पाडलेले तिचे ठोकळे काही किलोमीटरचे आणि भ्रंशपट्टा, म्हणजे भ्रंशालगतचा पिचलेल्या खडकाचा पट्टा, काहीशे मीटरचा, त्यामुळे तो चित्रात पुसटच राहिला.

खरं वळण मला दिसतं ते 1990च्या आसपास. पिचलेल्या खडकात लहरी मंदावतात, दोन्ही बाजूंच्या घट्ट खडकांवर आदळून आतच अडकतात आणि पट्ट्यातूनच पुढे सरकतात. आलेखावर दुय्यम लहर येऊन गेल्यावर मोठी, संथ हेलकाव्यांची एक शेपटी उमटते. भूकंपमापक पट्ट्यापासून थोडा लांब नेला की ती विरते. योंग-गांग ली, पीटर लिअरी आणि आकी यांनी या शेपटीचा अर्थ लावला. 1992च्या कॅलिफोर्नियातल्या लँडर्स भूकंपानंतर तिच्यावरूनच कळलं की तुटलेला पट्टा सुमारे दोनशे मीटर रुंद आहे आणि आतला वेग भोवतालच्या खडकापेक्षा 30 ते 50 टक्क्यांनी कमी.

लँडर्सची गोष्ट इथे संपत नाही. 1994 मध्ये आणि पुन्हा 1996 मध्ये त्याच जागी सुरुंग उडवून पाहिलं, तर लहरींचा वेग एखाद्या टक्क्याने वाढलेला. भ्रंश भरून येत होता! 1999 मध्ये जवळच हेक्टर माइनचा भूकंप झाला आणि वेग परत घसरला. खडकाची जखम भरताना आणि पुन्हा उसवताना मोजता आली, याचं मला आजही अप्रूप वाटतं.

कॅलिफोर्नियातच पार्कफील्डला सॅन अँड्रियास भ्रंशात सुमारे तीन किलोमीटर खोल विवर खणलं, तेव्हा तिथेही साधारण दोनशे मीटरचाच पिचलेला पट्टा लागला. प्रत्यक्ष सरकणाऱ्या पट्ट्या त्यात दोनच, 1.6 आणि 2.6 मीटर रुंद.

शेपटीनंतर पाळी आली गोंगाटाची. समुद्राच्या लाटांमुळे जमीन सतत थरथरते आणि आलेखातून ती थरथर आधी गाळून टाकत. 2005 पासून तिच्यावरूनच कवचाचे नकाशे बनू लागले. भूकंपाची वाट पाहायची गरज उरली नाही. 2018 मध्ये तर कॅलिफोर्नियाजवळच्या माँटेरे उपसागराच्या तळावरची वीस किलोमीटर ऑप्टिकल फायबर केबलच भूकंपमापक म्हणून वापरली, आणि तिने नकाशावर नसलेले भ्रंश दाखवले.