साडेचार वर्षांत दोन आठवडे: एमबीबीएसमधल्या रेडिओलॉजीची पार्श्वभूमी

एक्स-रे वाचायला एमबीबीएसचा विद्यार्थी शिकतो तो बहुतेक वेळा दुसऱ्याच विभागात. ॲनाटॉमीच्या स्पॉटर्समध्ये, म्हणजे समोरची वस्तू ओळखण्याच्या परीक्षेत, हाडांची फिल्म समोर येते, मेडिसिनच्या राउंडला छातीची, ऑर्थोपेडिक्सच्या ओपीडीत मोडलेल्या मनगटाची. दाखवणारा प्रत्येक जण आपल्या कामापुरतेच दाखवतो. वैद्यकीय शिक्षणाच्या १९९७ च्या नियमावलीने याच रीतीला कागदावर जागा दिली. रेडिओलॉजी, म्हणजे एक्स-रे, सोनोग्राफी, सीटी यांचे शास्त्र, सर्जरीशी संलग्न विषयांत गेली, दोन आठवड्यांचे पोस्टिंग (विभागात जाऊन प्रत्यक्ष शिकणे) मिळाले, स्वतंत्र पेपर मात्र मिळाला नाही. इंटर्नशिपमध्येही ती ऐच्छिक राहिली. परीक्षेला न येणाऱ्या विषयाच्या पोस्टिंगला विद्यार्थी लायब्ररीत जाऊन बसतात, हे प्रत्येक कॉलेजला ठाऊक आहे.

२०१९ च्या बॅचपासून क्षमताधिष्ठित अभ्यासक्रम आला. रेडिओडायग्नोसिसच्या (रोगनिदानाच्या रेडिओलॉजीच्या) नावावर त्यात १३ क्षमता, म्हणजे विद्यार्थ्याला यायला हव्यात अशा गोष्टी, आहेत: क्ष-किरणांचा शरीरावरचा परिणाम, कोणत्या आजारात कोणती तपासणी, तपासणीआधीची रुग्णाची तयारी वगैरे. पहिल्या वर्षापासूनच विषयांची सांगड घालायची, ही त्यामागची कल्पना उत्तम आहे. पण तिची जबाबदारी कोणत्या एका विभागावर नसल्याने ॲनाटॉमीत दाखवलेली फिल्म आणि तीन वर्षांनी वॉर्डात दिसलेला सीटी यांच्यामधला धागा विद्यार्थ्यालाच ओवावा लागतो. पोस्टिंग आजही दोनच आठवड्यांचे आहे.

या १३ क्षमतांपैकी एक संपूर्णपणे गर्भलिंगनिदान प्रतिबंधक कायद्याला वाहिलेली आहे, आणि खरा गुंता तिथे सुरू होतो. गर्भजल तपासणीतून होणाऱ्या स्त्रीभ्रूणहत्येविरुद्ध देशातला पहिला कायदा महाराष्ट्राने १९८८ मध्ये केला. १९९४ चा केंद्रीय कायदा त्यानंतरचा. २००३ पासून लागू झालेल्या दुरुस्तीने गर्भधारणेपूर्वीची लिंगनिवडही त्याच्या कक्षेत आली. सोनोग्राफी यंत्राची नोंदणी, प्रत्येक गर्भवतीच्या तपासणीच्या नोंदीचा फॉर्म एफ, नोंदी अपुऱ्या असतील तर मशीनला सील: या कडकपणाची गरज होती आणि आजही आहे.

वाद झाला तो सोनोग्राफीचा प्रोब (पोटावर फिरवायचे उपकरण) हातात कोणी धरावा यावर. सुरुवातीच्या नियमांत एमबीबीएस डॉक्टरला सहा महिन्यांचे प्रशिक्षण किंवा एक वर्षाचा अनुभव पुरेसा होता. प्रशिक्षण कुठे, कसले, याची मोजपट्टी नव्हती. २०१४ मध्ये सहा महिन्यांच्या प्रशिक्षणाचे स्वतंत्र नियम आले: ३०० तास, ठरलेला पाठ्यक्रम, लॉगबुक, शेवटी परीक्षा. जुन्या अनुभवावर काम करणाऱ्यांनाही क्षमता चाचणी द्यावी लागणार होती. रेडिओलॉजीच्या विशेषज्ञांची संघटना न्यायालयात गेली. लिंगनिदान रोखण्यासाठी केलेल्या कायद्याखाली सोनोग्राफीची शैक्षणिक पात्रता ठरवता येत नाही, असे म्हणत दिल्लीच्या उच्च न्यायालयाने २०१६ मध्ये ही तरतूद रद्द केली. २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्या निकालाला स्थगिती दिली.

या सगळ्या लढाईत विद्यार्थ्याचा विचार फारसा कुणी केला नाही. एमडी रेडिओलॉजिस्टच सोनोग्राफी करणार म्हटले, तर तालुक्याच्या गर्भवतीने जिल्ह्याच्या गावी जायचे. सहा महिन्यांवर भागवायचे म्हटले, तर आधी नोकरी आणि घर बाजूला ठेवून प्रशिक्षणाची जागा शोधायची. ३०० तासांतला निम्मा भाग जरी साडेचार वर्षांत पसरवला असता, देखरेखीखाली, पोट आणि मूत्रपिंडांच्या सोनोग्राफीपासून सुरुवात करून, तर हा तिढा इतका आवळला नसता. प्रत्यक्षात विद्यार्थी कायद्याची कलमे पाठ करतो आणि प्रोबला हात न लावता बाहेर पडतो.

दरम्यान काळ पुढे गेला. फिल्म आणि ती पाहायच्या उजेडाच्या पेटीची, व्ह्यू बॉक्सची, जागा संगणकाच्या पडद्याने घेतली. पीजीच्या प्रवेशात वरच्या रँकची मुले सर्वांत आधी रेडिओलॉजीच उचलतात, म्हणजे आवड आहे, ती फक्त एमबीबीएस संपल्यावर मोजली जाते. क्षयरोगाच्या तपासणीसाठी छातीचा एक्स-रे संगणकाकडून वाचून घेण्याची जागतिक शिफारस २०२१ मध्ये आली आणि हातात मावणारी एक्स-रे यंत्रे आता शिबिरांत पोहोचली आहेत. संगणकाने ‘संशयास्पद’ म्हटलेली छाती तिथे सर्वांत आधी पाहणार आहे तो प्राथमिक आरोग्य केंद्रातला एमबीबीएस डॉक्टर, आणि संगणक चुकला असेल तर तेही त्यालाच ओळखावे लागणार आहे.