जमीन दुपारी चारला श्वास सोडते

इंदूरबाहेर मावसभावाने प्लॉट पाहिला. आधी तिथे मुरमाची खदान होती. ती कचऱ्याने भरली आणि वर मुरूम टाकून सपाट केली. "दादा, दहा मिनिटं उभा होतो, कसलाच वास नाही," असं तो म्हणाला.

पण अशा कचऱ्यातून निघणाऱ्या मिथेन वायूला वास नसतोच. सिलिंडरचा वास येतो तो मुद्दाम मिसळलेल्या मर्कॅप्टन या उग्र वासाच्या रसायनाचा. गाडलेला कचरा हवेविना कुजला की साधारण निम्मा मिथेन आणि निम्मा कार्बन डायऑक्साइड असा वायू वर्षानुवर्षं तयार होत राहतो. हवेत मिथेन 5 ते 15 टक्के असला की एक ठिणगी पुरते.

तो घरात शिरतो कसा, हे मला सगळ्यात विलक्षण वाटतं. भरावाच्या पोकळ्यांतला वायू वरच्या हवेच्या दाबाने दबून असतो. दाब उतरला की तो फुगतो आणि वाट मिळेल तिकडे निघतो. इंग्लंडमधल्या लॉस्को गावात 24 मार्च 1986 ला सात तासांत दाब 29 मिलिबारने उतरला. जवळच्या भरलेल्या खाणीतला वायू खडकातून सरकत एका बंगल्याखाली साठला आणि स्फोटात बंगला जमीनदोस्त झाला. तिघे गंभीर जखमी झाले. 29 मिलिबार म्हणजे एकूण दाबाच्या जेमतेम 3 टक्के! पण पोकळ्यांत 1000 घनमीटर वायू असेल, तर त्यातला 30 घनमीटर बाहेर पडतो. त्यातला 15 घनमीटर मिथेन 300 घनमीटर हवेत, म्हणजे अख्ख्या घरात पसरला तरी 5 टक्के भरतो.

आपल्याकडे दाब रोज दोनदा चढतो-उतरतो. सकाळी दहाच्या सुमारास तो चढलेला असतो, दुपारी चारला उतरलेला. फरक थोड्याच मिलिबारचा, तरी सकाळी मीटर लावणाऱ्याला जमीन शांत दिसू शकते. त्यात माळव्याची काळी माती. उन्हाळ्यात तिच्या भेगांतून वायू वर निघून जातो. पावसात माती फुगते, भेगा मिटतात, आणि वायू आडवा सरकतो, ड्रेनेजच्या पाइपाभोवतीच्या वाळूतून थेट जोत्याखाली.

म्हणून बोअरमध्ये छिद्रांचा पाइप सोडून कित्येक आठवडे मोजावं लागतं, वायूचं प्रमाण आणि बाहेर येण्याचा वेग, दोन्ही. मग जोत्याखाली हवा खेळती राहील अशी पोकळी, वर वायुरोधक मेम्ब्रेन म्हणजे वायू अडवणारा पडदा, आणि पाइप शिरतो तिथे घट्ट कॉलर. सळईने मेम्ब्रेनला एक भोक पडलं तरी वायू तिथूनच वर येणार. भावाने ईशान्य कोपरा मात्र वास्तुतज्ज्ञाकडून तपासून घेतला होता. दिशेचा या वायूशी काडीचाही संबंध नाही, हे मी त्याला स्पष्ट सांगितलं.

आणि सांगितलं, पाऊस लागला की दुपारी चारचं रीडिंग घ्यायला लाव. तोवर बयाणा देऊ नकोस.