साय फाटली की सोलवटली?

गेल्या वर्षी मावशीकडे सत्यनारायण होता. प्रसादाचा शिरा परतता परतता ती मध्येच ओट्याला टेकून उभी राहिली. कपाळावर घाम, खालचा जबडा दुखतोय म्हणाली, आणि छातीत ‘दुखत नाही गं, नुसतं जड वाटतंय’. स्वयंपाकघरातल्या चारही बायकांचं एकमत झालं: पित्त. सकाळपासून उपाशी, त्यात गॅसपुढे उभी. कोकम सरबत झालं, पित्ताची गोळी झाली. जवळच्या दवाखान्यात नेलं तर तिथेही पित्ताचीच गोळी मिळाली, फक्त वेगळ्या कंपनीची. एकसष्ट वर्षांची, मधुमेह असलेली बाई, पण ईसीजीचं नाव कुणी काढलं नाही. हाच घाम आणि हाच जबडा काकांचा असता तर पाचव्या मिनिटाला रिक्षा दारात असती.

‘बायकांना कुठे हार्ट अटॅक येतो’ हा गैरसमज चिवट आहे, कारण तो अर्धा खरा आहे. ‘इंटरहार्ट’ या ५२ देशांतल्या अभ्यासात पहिल्या अटॅकचं मध्यवर्ती वय पुरुषांत ५६ आणि स्त्रियांत ६५ निघालं. म्हणजे नऊ वर्षांची सूट. सूट म्हणजे माफी नव्हे, हे मात्र आपण विसरतो. त्याच अभ्यासात दक्षिण आशियातल्या रुग्णांना पहिला अटॅक ५३ व्या वर्षी आला होता, बाकी जगात सुमारे ५९ व्या. आपल्याकडे अख्खं वेळापत्रकच अलीकडे सरकलेलं आहे.

पण वय आणि लिंग यांनी फक्त ‘कधी’ बदलतं असं नाही. अटॅक येतो ‘कसा’, तेही बदलतं, आणि माझा जीव या ‘कसा’मध्ये अडकला आहे.

शाळेत आपण नळाचं चित्र पाहिलेलं असतं: पाइपात गाळ साचतो, भोक लहान होत जातं, एक दिवस बंद. हे चित्र डोक्यातून काढून टाका. चरबी नळाच्या पोकळीत साचत नाही, भिंतीच्या आत साचते. रक्तातले एलडीएलचे (‘वाईट’ कोलेस्टेरॉलचे) कण अस्तराखाली शिरून अडकतात. त्यांना गिळायला भक्षकपेशी येतात, गिळून गिळून फुगतात आणि तिथेच मरतात. त्यांचा पिठल्यासारखा लगदा होतो, आणि शरीर त्यावर कोलॅजनचं, म्हणजे चिवट धाग्यांच्या प्रथिनाचं, झाकण घालतं. दुधावर साय धरते तसं. हे काम फार लवकर सुरू होतं. कोरियाच्या युद्धात मेलेल्या ३०० अमेरिकन सैनिकांच्या शवविच्छेदनाचा अहवाल १९५३ मध्ये आला. सरासरी वय बावीस, आणि ७७ टक्क्यांच्या हृदयधमन्यांत आजाराच्या खुणा उघड्या डोळ्यांना दिसत होत्या. (सगळे पुरुष, अर्थात. हृदयरोगाच्या इतिहासात हे ‘अर्थात’ फार वेळा येतं.)

आता गंमत बघा. लगदा वाढला तरी बराच काळ पोकळी लहान होतच नाही, कारण धमनी बाहेरच्या बाजूला फुगून जागा करून देते. शिकागोच्या सीमोर ग्लागोव्ह यांनी १९८७ मध्ये दाखवलं की साधारण ४० टक्के जागा भरेपर्यंत हा समजूतदारपणा टिकतो. अँजिओग्राफी दाखवते फक्त पोकळी. म्हणून ट्रेडमिलवर पास झालेला माणूस पुढच्या आठवड्यात आयसीयूत दिसू शकतो. कित्येक अटॅक अशा जागी येतात जिथे आधीच्या फोटोत निम्मंसुद्धा अरुंदपण नव्हतं.

तर प्रश्न लगदा किती हा नाही, साय किती जाड हा आहे. भारतीय वंशाच्या विकृतिशास्त्रज्ञ रेणू विरमाणी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अचानक मेलेल्या माणसांच्या धमन्यांचे काप काढून फाटलेल्या सायी सूक्ष्मदर्शकाखाली मोजल्या. सरासरी जाडी २३ मायक्रॉन (एक मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग), आणि ९५ टक्के सायी ६५ मायक्रॉनपेक्षा पातळ. आपला केस याहून जाड असतो. साय पातळ का होते? कारण तिच्यात घुसलेल्या भक्षकपेशी मेटॅलोप्रोटिनेज नावाची विकरं सोडून कोलॅजन पचवतात, आणि टी-पेशी (याही प्रतिकारशक्तीच्याच) इंटरफेरॉन गॅमा नावाचा संदेश सोडून नवं कोलॅजन विणणाऱ्या स्नायूपेशींचा हात धरून ठेवतात. एकीकडून उसवणं चालू, दुसरीकडून शिवणं बंद. मग पहाटे उठल्यावर रक्तदाब चढतो, साय फाटते, लगदा रक्ताला भेटतो आणि काही मिनिटांत गुठळी. सकाळी सहा ते दुपारी बारा या वेळात अटॅक जास्त येतात, त्याचं हे एक कारण.

हे मोजमाप १९९७ मध्ये छापून आलं, आणि ते पुरुषांवरचं होतं. पुढच्याच वर्षी याच गटाने बायकांचं निरीक्षण मांडलं, तेव्हा चित्र दुभंगलं. पन्नाशी ओलांडलेल्या, कोलेस्टेरॉल वाढलेल्या बायकांत साय फाटलेली होती, पुरुषांसारखीच. पण पन्नाशीच्या आतल्या बायकांत, आणि त्यातही सिगारेट ओढणाऱ्यांत, साय बहुतेक वेळा धड होती. फाटणं नाही, छिद्र नाही, तरी वर गुठळी! तिथे सायीवरचं अस्तर, एका पेशीच्या जाडीचं, सोलवटून निघालं होतं. गुडघा खरचटतो ना, तसं. उघड्या पडलेल्या जागी प्लेटलेट चिकटतात. न्यूट्रोफिल नावाच्या पांढऱ्या पेशी येतात आणि स्वतःचाच डीएनए कोळ्याच्या जाळ्यासारखा बाहेर फेकतात. जंतू पकडायची ही त्यांची युक्ती इथे प्लेटलेट पकडते. फाटलेल्या सायीवरची गुठळी फायब्रिनने (रक्त गोठवणाऱ्या धाग्यांनी) भरलेली, लालसर. सोलवटलेल्या जागेवरची प्लेटलेटची, पांढुरकी. आता प्रकाश वापरून धमनीच्या आत दहा-पंधरा मायक्रॉनपर्यंत बघता येतं (ओसीटी म्हणतात त्याला), त्यामुळे हा फरक जिवंत माणसात दिसतो. अशा काही निवडक रुग्णांना स्टेंट न घालता नुसत्या औषधांवर ठेवून पाहण्याचे प्रयोग चीनमध्ये झाले आहेत.

तिसरा प्रकारही आहे, ज्यात साय नाही, लगदा नाही: धमनीच्या भिंतीचे थरच एकमेकांपासून सुटतात. असे दहापैकी नऊ रुग्ण स्त्रिया, आणि काहींच्या बाबतीत बाळंतपणाला जेमतेम काही आठवडे झालेले.

मग ‘पाळी गेली की संरक्षण गेलं’ याचं काय? पाळी थांबल्यावर एलडीएल वाढतं हे खरं. पण हृदयविकाराच्या मृत्यूंचे आकडे वेगळं बोलतात. इंग्लंड, वेल्स आणि अमेरिकेतल्या नोंदी २०११ मध्ये तपासल्या गेल्या. बायकांचा आलेख चक्रवाढ व्याजासारखा एकाच दराने चढत जातो, पन्नाशीला त्याला कोपरखळी बसत नाही. वाकतो तो पुरुषांचा आलेख: पंचेचाळिशीपर्यंत भरधाव, मग मंद. बायका उतारवयात पुरुषांना ‘गाठतात’ असं वाटतं, ते बरंचसं पुरुष हळू झाल्यामुळे. मला ही गोष्ट फार आवडते, कारण पाठ्यपुस्तकातलं वाक्य ती अलगद उलटं करते.

इस्ट्रोजेन या स्त्री-संप्रेरकाच्या गोळ्यांनीही असंच तोंडघशी पाडलं. पुरुषांना भरपूर इस्ट्रोजेन देऊन पाहिलं तर अटॅक वाढले, तो डोस १९७० मध्ये थांबवावा लागला. मग १६,६०८ बायकांवर, सरासरी वय ६३, गाभण घोडीच्या मूत्रातून काढलेलं इस्ट्रोजेन आणि सोबत प्रोजेस्टिन (दुसरं स्त्री-संप्रेरक) असा प्रयोग झाला. जुलै २००२ मध्ये तो अर्ध्यावर बंद केला. दहा हजार बायकांमागे वर्षाला ३० च्या जागी ३७ जणींना हृदयविकाराने गाठलं होतं. पाळी थांबल्यावर लवकर गोळ्या सुरू केलेल्यांत हा तोटा दिसला नाही, असं नंतरच्या विश्लेषणात निघालं. अंदाज असा, की अस्तर धड असताना इस्ट्रोजेन त्याला लवचीक ठेवतं. सायी धरून झाल्यावर उशीर झालेला असतो.

नऊ वर्षांची सूट रद्द करायची तर मधुमेह पुरतो. मधुमेहाने पुरुषाचा धोका दुपटीच्या आसपास जातो, बाईचा जवळजवळ तिप्पट होतो. धूम्रपानाचं तसंच: त्याच व्यसनाने बायकांचा धोका पुरुषांपेक्षा सुमारे २५ टक्के जास्त पटीने वाढतो. ‘आमच्याकडे बायका कुठे सिगारेट ओढतात’ म्हणणाऱ्यांनी सकाळी मशेरी लावणाऱ्या आज्या आठवाव्यात. धूर नसलेल्या तंबाखूचाही अटॅकशी संबंध इंटरहार्टमध्ये दिसला आहे. आणि गरोदरपणात बीपी वाढून झटके यायची वेळ आली असेल तर त्या बाईला पुढे हृदयविकाराचा धोका साधारण दुप्पट. हृदयाच्या डॉक्टरने पन्नाशीच्या बाईला तिच्या बाळंतपणाबद्दल विचारल्याचं मी अजून ऐकलेलं नाही.

पिंपळाच्या पंधरा पानांच्या काढ्याने ९९ टक्के ब्लॉकेज जातात, हा निरोप मला आजवर सहा जणांनी पाठवला. पुरावा काय, तर पान हृदयाच्या आकाराचं. ते दिसतं पत्त्यातल्या बदामासारखं. खरं हृदय मुठीसारखं असतं. जिममध्ये कोसळलेल्या तरुणांचं खापर कोविडच्या लसीवर फोडणाऱ्यांनाही सांगायला हवं: आयसीएमआरने (भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेने) १८ ते ४५ वयातल्या ७२९ अचानक मृत्यूंचा अभ्यास केला, त्यात लसीमुळे धोका वाढलेला दिसला नाही. कुटुंबातले अचानक मृत्यू, बेसुमार दारू आणि झेपेल त्याहून जास्त कसरत यांचा संबंध मात्र दिसला.

संध्याकाळी मावशीला मोठ्या हॉस्पिटलात नेलं. ईसीजी ‘काही खास नाही’. ट्रोपोनिन आलं २७. हृदयाच्या पेशी मेल्या की हे प्रथिन रक्तात उतरतं. तिथे वापरात असलेल्या चाचणीत पुरुषांची मर्यादा लिटरमागे ३४ नॅनोग्रॅम आणि बायकांची १६, कारण बायकांचं हृदयच लहान. तिलाही पुरुषांचीच रेघ लावली असती तर मावशी पुन्हा पित्तावर घरी आली असती. ड्यूटीवरच्या मुलीने बायकांची रेघ पाहिली, तीन तासांनी पुन्हा रक्त घेतलं. आकडा दोनशेच्या वर होता.

अँजिओग्राफीत एक धमनी सत्तर टक्के अरुंद, जुनी, कॅल्शियम साठलेली, आणि शांत. गुठळी होती दुसरीतच, जी जेमतेम चाळीस टक्के भरली होती. चौथ्या दिवशी मावशी उठून बसली तेव्हा मी तिला सायीची सगळी गोष्ट सांगितली. तिला एकच पडलं होतं, की इतकी भरलेली ती पहिली का नाही फुटली?

‘तिची साय जाड होती.’

‘म्हशीच्या दुधाची असेल,’ मावशी म्हणाली, आणि चहा मागितला.