पडत्या ठोकळ्यांची तबकडी: ‘टेट्रिस’ गाण्याची पार्श्वभूमी

१९९२ च्या ऑक्टोबरात ब्रिटनच्या सिंगल्स यादीत ‘टेट्रिस’ नावाची एक नाचाची तबकडी सहाव्या क्रमांकापर्यंत चढली. कलाकार म्हणून नाव होतं ‘डॉक्टर स्पिन’. या टोपणनावाआड दोघं होते. एक ‘कॅट्स’ आणि ‘द फँटम ऑफ द ऑपेरा’चे संगीतकार अँड्र्यू लॉइड वेबर (आपल्याकडे पुढे ते ए. आर. रहमान यांच्या ‘बॉम्बे ड्रीम्स’चे निर्माते म्हणून ओळखीचे झाले), दुसरे ध्वनिमुद्रण-निर्माते नायजेल राइट. अशा तबकड्यांची गणना ‘नॉव्हेल्टी’त, म्हणजे गमतीखातर काढलेल्या गाण्यांत होते आणि त्यांच्याबद्दल फारसं लिहिलं जात नाही. पण ही सुरावट नाचाच्या ठेक्यावर इतकी सहज का बसली, याची उत्तरं संगीतात आणि यंत्रात शोधली तर सापडतात.

मूळ सुरावट आहे ‘कोरोबेइनिकी’ या रशियन गीताची. शब्द निकोलाय नेक्रासोव यांच्या १८६१ मधल्या याच नावाच्या दीर्घकवितेतले. पाठीवर कापडचोपडाची पेटी घेऊन गावोगाव फिरणारा फेरीवाला आणि ‘राय’ या धान्याच्या शेतात त्याला भेटणारी मुलगी, यांच्यातली ही घासाघीस. गाणं हळू सुरू करायचं आणि कडव्यागणिक लय वाढवत न्यायची, अशी ते म्हणण्याची रीत आहे. अमेरिकेत गेलेल्या रशियन स्थलांतरितांमध्ये याच सुरांवर ‘कोरोबुश्का’ हा जोडीचा नाच रुजला. म्हणजे गेममध्ये शिरण्याच्या कितीतरी आधीपासून ही सुरावट पायांसाठीच होती.

तिची बांधणी आपल्या सरगमीत मांडली की चटकन कळते. ग कोमल धरायचा. चार मात्रांचा एक असे पहिले चार खंड असे: प – रे ग | म – ग रे, मग सा – सा ग | प – म ग, मग रे – – ग | म – प –, आणि शेवटी ग – सा – | सा – – –. (इथे प्रत्येक अक्षर आणि प्रत्येक रेघ अर्ध्या मात्रेची.) दुसऱ्या भागात मध्यमावरून कोमल धैवत घेऊन तार षड्जाला हात लावायचा आणि कोमल निषादावरून खाली यायचं. हे सगळे सूर आसावरी थाटाचे. जवळजवळ प्रत्येक मात्रेवर ठाम सूर पडतो, आणि मधल्या अर्ध्या मात्रांचे सूर पुढच्या मात्रेकडे ढकलतात. हाऊस या क्लबमधल्या नाचाच्या संगीतात प्रत्येक मात्रेवर किक ड्रम, म्हणजे खालच्या आवाजाचा ढोल असतो. त्या ठेक्यावर ही धून बसवायला तिची एकही मात्रा हलवावी लागत नाही.

टेट्रिस हा गेम अलेक्सेई पाजित्नोव यांनी १९८४ मध्ये मॉस्कोच्या विज्ञान अकादमीच्या संगणक केंद्रात ‘एलेक्ट्रोनिका ६०’ या यंत्रावर लिहिला. त्या पहिल्या रूपात संगीत नव्हतं. रशियन सुरांची जोड देण्याची कल्पना परदेशी आवृत्त्यांमधून आली, आणि जगाच्या कानात बसलं ते निन्टेन्डोच्या गेम बॉयवरचं १९८९ चं संगीत. ते हिरोकाझू तानाका यांचं. संगीताचे ए, बी, सी असे तीन पर्याय त्यात होते. बी तानाकांची स्वतःची रचना, सी म्हणजे बाखच्या तिसऱ्या फ्रेंच सुइटमधला मेन्युएट. सगळ्यांना आठवतं ते ए, म्हणजे कोरोबेइनिकी. अमेरिकेत आणि युरोपात हे कारट्रिज यंत्राबरोबरच मिळत असे, त्यामुळे ज्याच्या घरी गेम बॉय आला त्याच्या घरी ही धूनही आली. युरोपात यंत्र पोहोचलं सप्टेंबर १९९० मध्ये. तबकडी निघेपर्यंत ब्रिटनमधली मुलं दोन वर्षं तेच सूर ऐकत होती. महाराष्ट्रात त्या दशकात गेम बॉय क्वचितच दिसे. आपल्याकडे हे ठोकळे घरोघरी आले ते ‘ब्रिक गेम’ या स्वस्त हातातल्या यंत्रातून, त्यामुळे गेम ओळखीचा असूनही या सुरांशी आपल्या अनेकांची गाठ बरीच उशिरा पडली.

गेम आणि डिस्को यांचं नातं १९९२ च्या आधीचं आहे. जपानच्या यलो मॅजिक ऑर्केस्ट्राने १९७८ च्या पहिल्याच अल्बममध्ये आर्केडच्या (नाणं टाकून खेळायच्या गेम-यंत्रांच्या) आवाजांची नक्कल करणारे तुकडे ठेवले होते. अमेरिकेत बकनर आणि गार्सिया यांचं ‘पॅक-मॅन फीव्हर’ १९८२ मध्ये बिलबोर्डच्या यादीत नवव्या क्रमांकावर गेलं, पण ते रॉक वळणाचं गाणं होतं, गेमचे आवाज त्यात सजावटीपुरते. त्याहून महत्त्वाचा दुवा फारसा सांगितला जात नाही. ‘स्पेस इन्व्हेडर्स’ गेमवर ऑस्ट्रेलियात याच नावाची एक डिस्को तबकडी निघाली होती. तिची बेसलाइन (खालच्या सुरांची चाल) एका बेकायदा मिश्रण-तबकडीत गेली, आणि तिथून १९८४ मध्ये शिकागोच्या जेसी साँडर्स यांच्या ‘ऑन अँड ऑन’मध्ये. ही शिकागो हाऊसची पहिली तबकडी मानली जाते. म्हणजे हाऊसच्या मुळाशीच एका गेमवरच्या गमतीच्या गाण्याची बेसलाइन आहे.

१९९१-९२ मध्ये ब्रिटनच्या रेव्ह (रात्रभर चालणाऱ्या नाचाच्या मेळाव्यांच्या) संगीतात मुलांच्या कार्यक्रमांतले आवाज उचलण्याची लाट आली. प्रॉडिजीचं ‘चार्ली’, स्मार्ट ईजचं ‘सेसमीज ट्रीट’, अर्बन हाइपचं ‘अ ट्रिप टू ट्रम्प्टन’ ही गाणी वरच्या दहांत गेली. १९९२ मध्येच रिचर्ड डी. जेम्स (‘एफेक्स ट्विन’) यांनी ‘पॉवर-पिल’ या नावाने ‘पॅक-मॅन’ काढलं. डॉक्टर स्पिनला बाजार असा तयार मिळाला. राइट आणि लॉइड वेबर यांचाही हा पहिलाच प्रयोग नव्हता. १९९० मध्ये लॉइड वेबर यांच्या ‘कार्पेट’ या लेबलवरून ‘बॉम्बालुरिना’ या नावाने जुन्या बिकिनी-गीताची राइट यांनी निर्मिती केलेली आवृत्ती निघाली आणि पहिल्या क्रमांकावर गेली. बॉम्बालुरिना हे ‘कॅट्स’मधल्या मांजरीचं नाव. ‘टेट्रिस’ही कार्पेटचंच. पाठोपाठ सायमन हॅरिस यांच्या ‘अँबॅसडर्स ऑफ फंक’चं ‘सुपरमारिओलँड’ आठव्या क्रमांकापर्यंत गेलं. त्याचा आधार असलेल्या ‘सुपर मारिओ लँड’ या गेम बॉयवरच्या गेमचं संगीतही तानाकांचंच. एका संगीतकाराच्या चिपवरच्या कामातून एकाच वर्षी दोन गाणी वरच्या दहांत, आणि यादी वाचणाऱ्यांपैकी त्याचं नाव माहीत असणारे फार थोडे. ही खंत आजही वाटते.

आता यंत्राकडे. गेम बॉयच्या चिपमध्ये चार वाहिन्या आहेत: दोन पल्स (चौकोनी आकाराच्या) लहरींच्या, एक ३२ बिंदूंची छोटी लहर साठवणारी, एक खरखरीची. पल्सची रुंदी, म्हणजे एका आवर्तनात लहर वर राहण्याचा वेळ, १२.५, २५, ५० किंवा ७५ टक्के एवढीच. साठवलेल्या लहरीचा प्रत्येक बिंदू चार बिटांचा, म्हणजे १६ पायऱ्या. एवढ्यात सुरावट, तिला जोड देणारा दुसरा सूर, बेस आणि ताल भागवायचा. एकाच वेळी तीनच सूर वाजू शकत असल्याने मांडणी मोकळी राहते, आणि वर ड्रम टाकायला जागा उरते. वाद्यवृंदाच्या मुद्रणावर किक बसवताना जी गर्दी होते ती इथे होत नाही.

अडचणी इतर ठिकाणी येतात. पहिली लयीची. गेममधलं संगीत सहसा पडद्याच्या चौकटींवर (पडद्यावरचं चित्र एकदा बदलतं ती एक चौकट) मोजलं जातं आणि गेम बॉयच्या चौकटी सेकंदाला सुमारे ५९.७३. एक मात्रा २४ चौकटींची धरली तर लय मिनिटाला १४९.३ मात्रा पडते. २६ चौकटींना १३७.८, २८ ला बरोबर १२८. अर्धी मात्राही पूर्ण चौकटींत हवी असेल तर मधली लय मिळत नाही. १४९ च्या लयीचा तुकडा सॅम्पलरमध्ये (आवाज साठवून पुन्हा वाजवणाऱ्या यंत्रात) घेऊन हाऊसच्या १२८ वर आणायला वेग कमी केला, की स्वर अडीच पाश्चात्त्य अर्धस्वरांहून थोडा जास्त खाली येतो आणि कोणत्याच पट्टीत नीट बसत नाही. स्वर न हलवता लांबी वाढवणारी टाइम-स्ट्रेचची सोय त्या काळच्या सॅम्पलरमध्ये होती, पण पल्स लहरीवर ती धातूसारखी थरथर आणते. त्यामुळे व्यवहारातला मार्ग एकच: सुरावट सिंथवर नव्याने वाजवायची, आणि गेममधून फक्त सुटे आवाज उचलायचे. स्मृतीही तोकडी असे. १६ बिट, ४४.१ किलोहर्ट्झने नमुने घेतल्यास २ मेगाबाइटमध्ये एकाच वाहिनीचा आवाज जेमतेम २४ सेकंद मावतो.

दुसरी अडचण सुराची. पल्स वाहिनीची वारंवारता म्हणजे १,३१,०७२ भागिले एक पूर्णांक. खालच्या सप्तकात पूर्णांक मोठा असतो, म्हणून चूक नगण्य राहते. वरती तो लहान होत जातो आणि सूर सरकतो. १३१८.५ हर्ट्झचा सूर हवा असेल तर जवळचा पर्याय १३२४ चा, म्हणजे सात सेंट चढा (एक सेंट म्हणजे अर्धस्वराचा शंभरावा भाग). त्याच्या जोडीला सुरेल सिंथ वाजवला तर सेकंदाला पाचएक हेलकावे ऐकू येतात. उपाय सोपा आहे: चिपचा आवाज खालच्या सप्तकात ठेवायचा किंवा दोन्हीपैकी एकच वाजवायचा.

बेसबाबत तर तडजोडच नाही. पल्स वाहिनी ६४ हर्ट्झच्या खाली जात नाही. साठवलेल्या लहरीची वाहिनी ३२ पर्यंत उतरते, पण १६ पायऱ्यांच्या आवाजात क्लबमधल्या स्पीकरला हवं ते वजन नसतं. किक आणि बेस बाहेरूनच आणावे लागतात. शिवाय चिपमध्ये एखादी वाहिनी डावीकडे, उजवीकडे किंवा दोन्हीकडे असते, मधली जागा नाही. खालचे सूर एकाच बाजूला ठेवून तबकडी कापली तर खाचेची खोली वरखाली होते आणि सुई उडते. म्हणून कापणीआधी खालचा पट्टा मध्यभागी, एकवाहिनी करून घेतात. वरच्या टोकाला उलट त्रास: पल्स लहरीच्या उपस्वरांची रांग तीव्र असते, हाय-हॅटवर (झांजांच्या आवाजावर) चढते, आणि मोठ्या आवाजात २ ते ५ किलोहर्ट्झच्या पट्ट्यात कान दुखवते. तिथे थोडं कमी करावंच लागतं. फार कापलं तर मात्र आवाज गेमचा राहत नाही.

हक्कांच्या बाजूने ‘टेट्रिस’चं गणित सोयीचं होतं. नेक्रासोव १८७८ मध्ये वारले, सुरावट लोकगीताची, म्हणजे ती कुणाच्या मालकीची नव्हती. तानाकांची मांडणी, गेमचे प्रत्यक्ष आवाज आणि ‘टेट्रिस’ हे नाव यांचं तसं नाही, त्यांना परवानगी लागतेच. पुढे टेट्रिस कंपनीने अमेरिकेत या धुनेवर व्हिडिओ गेमांपुरता ध्वनी-ट्रेडमार्कही घेतला.

जिथे सुरावट नवी आणि लेखक हयात असतो, तिथे काय होतं हे काही वर्षांनी दिसलं. जर्मनीच्या झॉम्बी नेशनचं ‘केर्नक्राफ्ट ४००’ २००० मध्ये ब्रिटनमध्ये दुसऱ्या क्रमांकावर गेलं. त्याची धून कमोडोर ६४ या घरगुती संगणकावरच्या ‘लेझी जोन्स’ या १९८४ च्या गेममधली, डेव्हिड व्हिटाकर यांची. परवानगी आधी घेतलेली नव्हती. अखेर तडजोड होऊन त्यांना रक्कम देण्यात आली.