'फान': एका नॉर्वेजियन शिवीची वाट

नॉर्वेत हातोडी खिळ्याऐवजी बोटावर बसली, की तोंडून पटकन निघतं ते 'फान'. पाहुण्यांसमोर उच्चारू नये अशी ही शिवी, पण अर्थ एवढाच: सैतान. तिकडच्या जुन्या शिव्यांना धार आली ती धर्माच्या धाकातून. 'हेल्वेते' ही दुसरी शिवी म्हणजे नरक. 'हेल' हे मृतांचं जग आणि 'वीती' म्हणजे शिक्षा.

'फान' हे 'फान्देन'चं झिजलेलं रूप. त्याचं सर्वात मान्य मूळ सापडतं दक्षिणेला, उत्तर समुद्राच्या काठी बोलल्या जाणाऱ्या जुन्या फ्रिजियन भाषेत. तिथे 'फान्दिआन्द' म्हणजे परीक्षा पाहणारा, मोहात पाडणारा. चाळीस दिवस उपाशी असलेल्या येशूला 'या दगडांच्या भाकरी कर' म्हणणारा तोच हा. म्हणजे शिवी होण्याआधी हे सैतानाच्या कामाचं वर्णन होतं.

आणखी मागे गेलं की गोष्ट थेट आपल्या दारात येते, आणि मला ती विलक्षण वाटते. संस्कृत आणि नॉर्वेजियन ज्या एकाच प्राचीन भाषेतून निघाल्या, त्या मूळ भाषेतला 'प' जर्मनिक भाषांत, म्हणजे नॉर्वेजियन, जर्मन, इंग्रजी यांच्या कुळात, शब्दाच्या सुरुवातीला 'फ' झाला. डेन्मार्कच्या रास्मुस रास्कने 1818 साली या जुळण्या दाखवल्या आणि याकोब ग्रिमने 1822 साली त्यांची पद्धतशीर मांडणी केली. संस्कृत 'पितृ', नॉर्वेजियन 'फार'. 'पाद', तिकडे 'फूत'. 'पंच', तिकडे 'फेम'. याच नियमाने बहुतेक भाषाशास्त्रज्ञ 'फान्दिआन्द'मागचं क्रियापद आणि संस्कृत 'पन्था' एकाच धातूपाशी नेतात. वाट चालणं, मग वाट शोधणं, मग अजमावून पाहणं, मग मोहात पाडणं, असा अर्थ सरकत गेला. वारकरी पंथातला 'पंथ' आणि ओस्लोतली शिवी दूरची भावंडं ठरतात, ती अशी.

पण वर्णन करणाऱ्या शब्दाची शिवी का व्हावी? भीतीमुळे. रात्री सापाला 'साप' न म्हणता 'लांबडं' म्हणतात, तसं सैतानाचं नाव घेतलं तर तो हजर होईल, असं लोक मानत. म्हणून नॉर्वेत त्याला 'गाम्ले-एरिक', म्हणजे म्हातारा एरिक, असंही नाव पडलं. पण असं आडनावाने घेतलेलं नावही शेवटी त्याचंच नाव होऊन बसतं, आणि जे नाव घ्यायचं नाही, ते रागात मुद्दाम घेतलं जातं.

आज नरकाची भीती ओसरली आहे, तरी 'फान' टिकून आहे. ज्यांना तो शब्द नको असतो ते 'फान्केन' म्हणतात. सुरुवात तीच, शेवट बदललेला. जीभ ऐन वेळी वळवता येते.